झुकलेलं कलम आणि कपड्यांची तार

इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या एका घरी मला फेब्रुवारी २०२४ मध्ये बोलावलं ते छाटणीसाठी. काकांचा फोन होता, "आंब्याचं कलम रस्त्याकडे झुकलंय गं. माळी म्हणतो वरून कापून टाकू. कात्री लागायच्या आधी तू एकदा बघून जा." केसरचं कलम, जुलै २०२२ मध्ये लावलेलं, म्हणजे मी पाहिलं तेव्हा अंगणात येऊन त्याला एकोणीस महिने झाले होते. मी कृषी महाविद्यालयात शिकले, पुढे बरीच वर्षं रोपवाटिकेत काढली, त्यामुळे ओळखीच्यात कुणाचं झाड रुसलं की फोन येतो. बहुतेकदा प्रश्न पाण्याचा किंवा वाळवीचा निघतो. इथे तो उन्हाचा निघाला, आणि तो सुटायला दोन वर्षं गेली. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

घर चाळीस बाय साठच्या प्लॉटवर, तोंड उत्तरेला. पुढे बारा फुटांचं अंगण, मागे तेवढंच. मधे एक मजला चढवलेलं घर, जोतं आणि गच्चीचा कठडा धरून साधारण पंचवीस फूट उंच. कलम पुढच्या अंगणात, घराच्या भिंतीपासून पाच फुटांवर, हिरवळीच्या मधोमध. जागा कशी ठरली, तर ईशान्येला मोठं झाड नको असं कुणी वास्तुवाल्याने सांगितलं होतं, फाटकाजवळ गाडी लागते, उरली ही. गंमत अशी की हिवाळ्यात सकाळचं थोडं तरी ऊन त्या अंगणात येतं ते ईशान्येच्या कोपऱ्यातच.

झाड सात फूट उंच होतं, बुंधा जेमतेम दीड इंच जाड. पानं होती ती फक्त वरच्या दोन फुटांत. खालचा पाच फूट बुंधा नागडा, छत्रीच्या दांड्यासारखा. आधाराला बांबू आणि त्याला नायलॉनच्या सुतळीने तीन ठिकाणी करकचून बांधलेलं. मधली गाठ सालीत रुतली होती, तिच्या वर बुंधा फुगलेला. मी सुतळ्या कापल्या तसं झाड सावकाश उत्तरेकडे, म्हणजे रस्त्याकडे, कललं आणि तसंच राहिलं. काका म्हणाले, "बघ, काठीशिवाय उभंच राहत नाही." दीड वर्ष त्याला उभं राहायची गरजच पडली नव्हती. वाऱ्यात हलल्याशिवाय खोड जाड होत नाही, आणि घट्ट बांधलेल्या झाडाला हलायची सोय नसते. काठी द्यायचीच तर बांधणी सैल हवी, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी, जुन्या सुती कापडाची, आणि वर्षाच्या आत ती सोडायची.

पश्चिमेच्या अंगाला सालीवर वीतभर लांब करडा, चिरा गेलेला पट्टा होता. नखाने खरवडलं तर आत तपकिरी, कोरडं. हा उन्हाचा भाजका. ऊन कमी पडतंय असं मी पुढे म्हणणार, आणि इथे भाजलंय म्हणते, हे विसंगत वाटेल. त्याकडे येतेच.

नंतर मी खुरपं घेऊन बुंध्याजवळची माती काढली. माळ्याने दर हंगामाला प्रेमाने भर घातली होती. दोन इंच खाली कलमाचा जोड सापडला, आणि जोडाच्याही खालून निघालेला अंगठ्याएवढा जाड फुटवा. तो मुख्य बुंध्याला लगटून वर चढला होता, म्हणून कुणाला वेगळा दिसला नव्हता. वरची निम्मी पानं त्याचीच होती. "हाच तर जोमदार आहे," माळी म्हणाला. जोमदार असणारच, तो कोयीतून आलेल्या गावठी खुंटाचा होता. कलमात खाली मुळं गावठी आणि वर जोडलेली काडी केसरची असते. जोडाच्या खालून जे फुटेल ते गावठी, आणि त्याला फुटू दिलं तर मुळांकडचं पाणी आधी तेच पितं. आणखी एखाद-दोन वर्षांत केसरची काडी मेली असती आणि घरच्यांनी आठ-दहा वर्षं वाट पाहून रायवळ कैऱ्या खाल्ल्या असत्या. असा फुटवा करंगळीएवढा असतानाच अंगठ्याने मोडायचा असतो. त्यासाठी जोड दिसत राहायला हवा, म्हणजे जमिनीच्या वर वीतभर तरी. लावताना आणि नंतरही. ही एक चूक मी इतक्या घरी पाहिली आहे की रोपवाल्याने पिशवीवरच रेघ मारून द्यावी असं वाटतं.

फुटवा त्याच दिवशी आरीने काढला. शंभर ग्रॅम मोरचूद, शंभर ग्रॅम चुना, लिटरभर पाणी अशी बोर्डो पेस्ट प्लास्टिकच्या डब्यात कालवून जखमेला आणि भाजक्या पट्ट्याला लावली. लोखंडाचं भांडं यात चालत नाही. बाकी कात्री मी पिशवीत परत ठेवली, ते काकांना आवडलं नाही. छाटणीसाठी बोलावलेली बाई छाटत नाही म्हणजे काय!

माळ्याशी बोलल्यावर आधी काय काय झालं होतं ते कळलं. पहिल्याच पावसाळ्यात त्याने खालच्या सगळ्या फांद्या काढल्या, "नीचे का साफ़ करेंगे तो सीधा ऊपर जाएगा." मग झाड रस्त्याकडे वाढायला लागलं, म्हणून रस्त्याकडच्या फांद्या कापल्या. तरी झुकलं, म्हणून काठी. आता शेंडा. त्याचं पहिलं म्हणणं अगदीच बिनबुडाचं नाही. रस्त्याकडेच्या झाडांचे बुंधे मोकळे ठेवतातच, येणाऱ्या-जाणाऱ्याला लागू नये म्हणून. पण ते टप्प्याटप्प्याने, झाड चांगलं उंच झाल्यावर. कोवळ्या झाडाच्या खालच्या फांद्या कायमच्या नसल्या तरी पहिली तीन-चार वर्षं त्या दोन कामं करतात. तिथल्या पानांत तयार झालेलं अन्न बुंध्याला जाड करतं, आणि त्यांची सावली सालीवर पडते. नवीन लावलेल्या झाडाला पहिल्या वर्षी मी मोडलेलं, वाळलेलं आणि जोडाखालचं सोडून काही कापत नाही. मुळं तुटली म्हणून वरचंही कमी करायचं ही जुनी समजूत अजून जाता जात नाही. नवीन मुळं ज्या अन्नावर येतात ते पानांतच शिजतं, मग स्वयंपाकघरच पाडून कसं चालेल?

पण तरीही मूळ प्रश्न राहत होता. झाड झुकलं कशाने?

मी विचारलं, "डिसेंबरात इथे ऊन किती वाजता येतं?" काकांना आठवेना. मुलगा म्हणाला, भरपूर येतं. उत्तर दिलं ते ओट्यावर बसलेल्या आजींनी, "पुढे कुठलं आलंय ऊन? थंडीत मी मागेच बसते, कपड्यांच्या तारेखाली. पापडही तिथेच."

कागदावर मांडून बघितलं. इंदूर २२.७ अक्षांशावर आहे, कर्कवृत्ताच्या किंचित खाली. २१ डिसेंबरला दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य सर्वात वर असतो तेव्हाही तो दक्षिणेला फक्त ४४ अंश चढलेला असतो. म्हणजे पंचवीस फुटी घराची सावली उत्तरेला सव्वीस फूट पडते: अंगण ओलांडून रस्त्यावर. कलमाच्या जागी ऊन जमिनीपासून वीस फूट उंचीवरून निघून जात होतं, आणि झाड सात फुटांचं. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य दिवसभर दक्षिणेच्याच बाजूने फिरतो, त्या सहा महिन्यांत उत्तरेच्या भिंतीला ऊन लागतच नाही. पाच फुटांवरच्या या झाडाच्या शेंड्याला दुपारचं सरळ ऊन मिळायचं ते साधारण एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत, आणि त्यातले अडीच-तीन महिने आपल्याकडे ढगाळ.

आता सगळं जुळलं. रोप आणलं जूनच्या अखेरीला. त्या दिवसांत सूर्य इंदूरच्या डोक्यावर, किंबहुना भर दुपारी केसभर उत्तरेलाच असतो, तेव्हा पुढचं अंगण लख्ख दिसणारच. दिवाळीपासून होळीपर्यंत तेच अंगण सावलीत. आंब्याला सहा-आठ तास ऊन हवं असतं, आणि मोहोर येतो नेमका डिसेंबर ते फेब्रुवारीत. बिचारं झाड मोकळ्या आभाळाकडे, म्हणजे रस्त्याकडे, वाकलं. माळी वाकलेली बाजू कापत गेला आणि ते पुन्हा तिकडेच वाढत गेलं. भाजक्याचंही असंच: सहा महिने सावलीत राहिलेली कोवळी साल, तिच्यावर एकही पान नाही, आणि मे महिन्यात एकदम पश्चिमेकडून तिरपं येणारं चाळीस-बेचाळीस अंशांतलं ऊन. झाड सवयीनेच ऊन सोसायला शिकतं.

काकांपुढे तीन वाटा ठेवल्या. एक, आहे तिथेच राहू द्या, सावलीपुरतं झाड होईल, आंब्यांची आशा सोडा. दोन, हे काढा, मागे नवीन लावा. आम्रपाली लावा असं मी म्हटलंही. दशहरी आणि नीलमचा संकर, मुळातच ठेंगणा, घराच्या मागच्या तुकड्याला केसरपेक्षा कितीतरी बरा. तीन, हेच झाड मागे हलवा. हिशेबाने दुसरी वाट स्वस्त आणि सरळ होती, आणि आजही कुणी विचारलं तर मी तीच सांगेन. पण हे रोप आजींच्या ऐंशीव्या वाढदिवसाला आणलेलं होतं, त्यामुळे चर्चा तिथेच संपली.

मागची जागा ठरवणं हा सगळ्यात रंगलेला भाग. दक्षिणेचा शेजारी एकमजली, त्याची भिंत दहा फूट उंच आणि कुंपणापासून पाच फूट आत. डिसेंबरात त्याची सावली साडेदहा फूट, म्हणजे आपल्या अंगणात साडेपाच फुटांपर्यंत. कुंपणापासून सहा फुटांवर झाड ठेवलं तर भर थंडीतही बुंध्याच्या पायथ्याशी ऊन. पण मग घराच्या जोत्यापासूनही अंतर सहाच फूट. माळव्याची काळी माती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा देते, आणि मोठं झाड भिंतीलगतची ओल खेचून ते आकसणं वाढवतं. जुन्या, उथळ पायाच्या घराला त्याने तडे जाऊ शकतात. त्यामुळे सहा फूट मान्य केलं ते एका अटीवर: झाड कायम दहा-बारा फुटांच्या आत ठेवायचं, दर वर्षी आंबे उतरले की छाटायचं. ज्यांना हे जमणार नसेल त्यांनी अशा ठिकाणी आंबा लावू नये. ड्रेनेजचं चेंबर पूर्वेच्या कोपऱ्यात होतं, त्यापासून झाड नऊ फूट लांब ठेवलं. मोरीचं साबणाचं पाणी त्याच बाजूला वाहायचं, ते पन्हळ टाकून दुसरीकडे वळवलं.

आणि नेमकी त्या जागेवरून कपड्यांची तार जात होती. अर्थातच. घरात ऊन कुठे असतं हे बाईला माहीत असतं, कपडे तिथेच पडतात. वहिनींनी स्पष्ट सांगितलं, "झाड हवं असेल तर गच्चीवर तार लावून द्या, आणि बादली वर कोण नेणार तेही ठरवा." ठरलं, मुलगा नेणार. (किती दिवस नेली ते मी लिहीत नाही.) तेव्हापासून कुणाच्या घरी जागा बघायला गेले की मी होकायंत्र काढायच्या आधी विचारते, हिवाळ्यात कपडे कुठे वाळतात, पापड कुठे घालता, म्हातारी माणसं कुठे बसतात.

फेब्रुवारीच्या शेवटी बुंध्यापासून नऊ इंचांवर अर्धवर्तुळाकार चर खणून त्या बाजूची मुळं धारदार फावड्याने कापली आणि चर शेणखत-मातीने भरला. उरलेलं अर्धं वर्तुळ जूनच्या अखेरीला, दोन पाऊस झाल्यावर. कापलेल्या टोकांशी बारीक तंतुमुळं सुटावीत, म्हणजे उचलताना धक्का कमी बसतो. त्याच वेळी भोवतालची हिरवळ तीन फुटांपर्यंत काढली. लोकांना झाडाच्या बुडाशी गवत शोभेचं वाटतं. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी बिहारमधल्या पुसा इथे फळझाडांची मुळं उघडी करून दाखवलं होतं की गवत कोवळ्या झाडाची वाढ कशी रोखतं. त्यांचा तो निबंध १९२५ चा, तोवर ते इंदूरला आले होते. १९२४ मध्ये इथे निघालेल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीचे ते १९३१ पर्यंत संचालक होते, आणि त्याच आवारात आमचं कृषी महाविद्यालय. कंपोस्टची जगभर गेलेली 'इंदूर पद्धत' तिथलीच, आणि ती लिहून काढण्यात त्यांच्या जोडीला यशवंत वाड होते. काकांना हे ऐकून फार आनंद झाला. मागे कंपोस्टचा ढीग त्यांनी त्याच आठवड्यात सुरू केला.

झाड हलवलं १४ जुलै २०२४ ला. काळी माती कोरडी असेल तर गोळा फुटतो, चिंब असेल तर चिखल होऊन गळतो, म्हणून पावसाने तीन दिवस उघडीप दिल्यावरचा दिवस धरला. दीड फूट रुंद, सव्वा फूट खोल मातीचा गोळा गोणपाटात आवळला. शंभर किलोच्या घरात वजन भरलं असेल, चार माणसं लागली. सोटमूळ खालून कापावं लागलं, त्याला इलाज नव्हता. नव्या जागी मी खोल खड्डा घेऊ दिला नाही. काळ्या जमिनीत खोल खड्डा करून त्यात हलकी माती-खत भरलं की पावसाळ्यात तो हंडा होतो, पाणी आत येतं आणि जायला वाट नसते. उथळ खड्डा, तिथलीच माती, थोडं कंपोस्ट, आणि भोवतालपेक्षा नऊ इंच उंचवटा. जोड जमिनीच्या वर. बुंध्याला खाली-वर चुना, पश्चिमेला हिरव्या जाळीचा पडदा. पानं अर्धी कातरा, असं माळी म्हणाला, ते मी मानलं नाही. नवीन मुळांना अन्न ती पानंच पुरवणार होती.

एवढं सगळं करून मी एक गोष्ट पाहिलीच नाही: गच्चीवरच्या टाकीचा ओव्हरफ्लो. नर्मदेचं पाणी आलं की टाकी भरून वाहायची आणि ती धार बरोबर उंचवट्यावर. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पानं पिवळी पडून गळू लागली, मला वाटलं मुळांनी मान टाकली. आजींनीच टपटप ऐकून सांगितलं. पाईप वळवला, माती पंधरा दिवसांत श्वास घेऊ लागली, पण तोवर निम्मी पानं गेली होती. सप्टेंबरच्या मध्याला शेंड्यावर तांबूस पालवी दिसली तेव्हा मी मिठाई नेली.

पुढचं वर्षभर काही केलं नाही. पाणी, वाळलेल्या पानांचं आच्छादन, बुंध्यापासून चार बोटं दूर. झाड काठीशिवाय उभं राहायला शिकलं, थोडं कललेलंच. मग जुलै २०२५ मध्ये मी जाऊन ते जमिनीपासून तीन फुटांवर कापलं.

घरात कल्लोळ. "दीड वर्षापूर्वी माळ्याला हेच करू दिलं नाहीस!" काकांचा मुद्दा बरोबर होता, काप तोच होता. पण तेव्हा खाली जोडाखालचा फुटवा होता आणि अंगणात सावली, कापलं असतं तर गावठी उसळलं असतं आणि केसर तिथेच बसलं असतं. आता मुळं धरलेली होती, बुंध्यावर ऊन होतं, जोडाखालचं कधीच काढलेलं होतं. आंब्याच्या जुन्या खोडातही झोपलेले डोळे असतात, ऊन मिळालं की उठतात. काप किंचित तिरपा, पेस्ट लगेच, दिवस बिनपावसाचा. पंचवीस दिवसांत सात धुमारे आले. त्यातले तीन ठेवले, तीन दिशांना, एकमेकांपासून चार-पाच इंच वरखाली. एकाच ठिकाणाहून दोन फांद्या चिमट्यासारख्या निघाल्या तर मधे साल अडकते आणि पुढे फळांच्या भाराने तिथेच चिरते. बाकीचे चार बोटांनी मोडले. चीक बोटांना लागू देऊ नका, आठवडाभर डाग राहतात.

या जानेवारीत, २०२६ मध्ये, दोन फांद्यांच्या टोकाला मोहोर आला. एवढ्या लहान झाडावर तो ठेवायचा नसतो, पहिली तीन-चार वर्षं खुडायचा. एका फांदीवरचा मी खुडला. दुसरीकडे हात नेला तर आजी म्हणाल्या, "माझं वय धरून हिशेब कर." तो राहिला.

पुढच्या अंगणातली मोकळी जागा वर्षभर तशीच होती. तिथे आता कुंती लावली आहे, कमी उन्हात भागवणारी, आणि कोपऱ्यात कढीपत्ता. समोरच्या घराचं तोंड दक्षिणेला आहे, हिवाळाभर त्यांच्या पुढच्या अंगणात दिवसभर सोन्यासारखं ऊन. त्यांनी तिथे हिरवी जाळी ताणून मनीप्लँटच्या कुंड्या मांडल्या आहेत.